बुटकी खुर्ची

३ मार्च

प्रिय दादा,

वहिनीचा फोन आला होता. तिच्याकडून कळलं की टेकडीवरच्या त्या मोठ्या घरातल्या सगळ्या खुर्च्या नव्याने भरायचं काम तुला मिळालंय, आणि तू काही महिने त्यांच्या व्हरांड्यातच बसून ते करणार आहेस. अभिनंदन. मला कळवलं नाहीस तेही समजलं. बहिणीला सांगितलं की ती काहीतरी मागणार, हे तुला ठाऊक आहे. तर मागते.

आमच्या केंद्राचं घर मालकाने विकायला काढलंय. वर्षअखेरीला सोडायचं. तू आमच्या कामाबद्दल कधी नीट विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. घरातल्या किंवा ओळखीच्या मोठ्या माणसाने ज्यांच्यावर अत्याचार केले अशी मुलं आमच्याकडे येतात. एका शांत खोलीत बसून, एकाच माणसाला, एकदाच सगळं सांगतात. ही खोली नसली की तेच त्यांना पोलीस चौकीच्या बाकावर सांगावं लागतं, मग दवाखान्यात, मग कोर्टात, आणि दर वेळी नव्या माणसाला. पुन्हापुन्हा सांगायची वेळ आली की कितीतरी मुलं 'काही झालंच नाही' म्हणून मोकळी होतात. आमचं अख्खं घर त्या एका खोलीसाठी आहे.

तुझ्या त्या घरच्या बाईसाहेब वाचनालयाला देणगी देतात, दवाखान्याला देतात. आम्ही त्यांना दोनदा पत्र लिहिलं, उत्तर नाही. तू रोज त्यांच्यासमोर बसणार आहेस. एक शब्द टाक ना.

तुझी,
बारकी


११ मार्च

प्रिय बारके,

शब्द टाकणार नाही. रागावू नकोस, कारण ऐक. मी कोणाच्या हाताखाली शिकलो नाही. लोकांच्या फाटक्या खुर्च्या उसवून, आधीच्या माणसाने काय केलंय ते बघत शिकलो. त्यातून जे नाव झालं ते दोन गोष्टींमुळे. एक, माझा टाका सुटत नाही. दुसरी, दाभण हातात असताना मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत नाही. बोलायला लागलं की दोरा ढिला पडतो. आता तुझ्यासाठी मी तिथे वाटी घेऊन उभा राहू?

घराचं मात्र सांगतो, कारण असं काम रोज हाती येत नाही. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या, दिवाणखान्यातले कोच, खिडकीतला झुलता बाक, सगळं शिसवी. आत घोड्याचे केस भरलेत, आणि मधे कोणी दीडशहाण्याने त्यावर फोम चिकटवून ठेवलाय. मी तो खरवडून काढतोय. उसवलेल्या खुर्चीसारखी बोलकी वस्तू नाही. कोण एका बाजूला कलून बसतं, कोणाचा हात सतत चुळबुळ करतो, सगळं कापडाखाली लिहिलेलं असतं.

बाईसाहेब सत्तरीच्या, ताठ, मोजकं बोलणाऱ्या. आठेक वर्षांची नात त्यांच्याजवळ असते, तिचे आईवडील कामासाठी परगावी. आणि संध्याकाळी एक गृहस्थ येतात, बाईसाहेबांच्या गेलेल्या यजमानांचे स्नेही. सगळे त्यांना काका म्हणतात. नातीला चित्रं काढायला शिकवतात. उंच पाठीची एक खुर्ची फक्त त्यांची. ती सगळ्यात आधी करा, असं बाईसाहेबांनी बजावलंय. माणूस पारखी आहे. माझ्या टाक्यांवरून बोट फिरवून म्हणाले, उस्ताद, हे यंत्राला जमणार नाही. असं म्हणणारा इतक्या वर्षांत पहिलाच भेटला.

तुझ्या कामाची मला कदर नाही असं समजू नकोस. शब्द टाकणार नाही, पण हात लावतो. तुझ्या त्या खोलीसाठी मुलाला बसायला एक खुर्ची भरून पाठवतोय. चारचौघांत मिरवशील अशी.

तुझा,
दादा


२० मार्च

प्रिय दादा,

खुर्ची पोचली आणि त्याच टेम्पोने परत पाठवतेय. आधी पूर्ण वाच, मग वहिनीवर ओरड.

खुर्ची देखणी आहे. मी बसले तर मला उठावंसं वाटेना, आणि तिथेच सगळं बिघडलं. इतक्या मऊ गादीत लहान मूल रुततं. पाय लोंबकळतात, हात खुर्चीच्या मोठ्या हातांमध्ये अडकतात. रुतलेल्या मुलाला उठून जाता येत नाही. आपल्याला हवं तेव्हा उठून जाता येईल हे ज्याला कळतं, तेच मूल बसून राहतं. आम्हाला टणक खुर्ची हवी, बिनहातांची, पाय जमिनीला टेकतील अशी. आणि दुसरी एक, ऐकणाऱ्या मोठ्या माणसासाठी, मुलाच्या खुर्चीपेक्षाही बुटकी.

आता आमचे बाकीचे नियम सांगते, म्हणजे तुझा राग वाटून जाईल. दार मुलाच्या नजरेसमोर असतं, पाठीमागे कधीच नाही, आणि त्याला कडी लावत नाहीत. देणगीदार कितीही मोठा असो, त्याला मूल दाखवत नाही, फोटो नाही, गोष्टही नाही. आणि ज्या घरचं मूल आमच्याकडे आलं त्या घरचं काहीही घ्यायचं नाही. एक आजोबा फळांची करंडी घेऊन आले होते, बिचाऱ्यांचे डोळे भरलेले. ती करंडी मी त्यांच्या हातात परत दिली. उद्या समोरचा वकील कोर्टात उभा राहून म्हणेल, यांनी घेतलं आणि हवं ते मुलाकडून वदवलं. मग पैसे काय आणि सफरचंदं काय, फुकट जातं ते मुलाचं बोलणं.

नियमांची बाई आहे तुझी बहीण. तुझ्याच घरात वाढले.

तुझी,
बारकी


२ एप्रिल

प्रिय बारके,

टेम्पोवाल्याने ती खुर्ची भर व्हरांड्यात उतरवली. बाईसाहेबांच्या समोर. माझं काम आयुष्यात पहिल्यांदा परत आलं, तेही सख्ख्या बहिणीकडून.

माझा तोल गेला. दाभण हातात असताना बोलत नाही म्हणालो होतो ना, त्या दिवशी बोललो. बाईसाहेबांनी विचारलं, मिस्त्री, हे काय आलंय? मी सगळं सांगून टाकलं. बहीण कसली खोली चालवते, आणि गादी मऊ आहे म्हणून माझी खुर्ची कशी नाकारते. वाटलं होतं त्या हसतील, माझी बाजू घेतील. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि विचारलं, टणक का हवी? मी तुझं ते रुतण्याचं वाक्य म्हणून दाखवलं. त्यांनी ते मला परत म्हणायला लावलं. मग म्हणाल्या, ऐकणारा बुटक्या खुर्चीत का? ते मला ठाऊक नव्हतं, आणि मला एखादी गोष्ट ठाऊक नाही असं म्हणणं किती जड जातं ते तू जाणतेस.

दुसऱ्या दिवशी आणखी प्रश्न. ऐकणारा लिहून घेतो का? मुलाला पहिलं काय विचारतात? तुमच्या आधीच्या दोन पत्रांबद्दल मी मुद्दाम विचारलं. म्हणाल्या, पत्रं आली होती, त्यात फक्त आकडे होते. आकडे मला सगळेच पाठवतात.

संध्याकाळी काका आले तेव्हा बाईसाहेबांनी हा विषय त्यांच्यापुढे काढला. काका हसून म्हणाले, असल्या जागा चांगली घरं मोडतात, मुलं काय, काहीही बोलतात. माझ्याकडे बघून म्हणाले, काय उस्ताद? मी मान डोलावली. माझं काम परत आलेलं होतं, म्हणून जरा जोरातच डोलावली.

बाईसाहेबांचं हे विचारणं म्हणजे काही द्यायचं नसलं की लोक करतात ती उलटतपासणी आहे, असं माझं मत. तरी दोन्ही खुर्च्या करतोय, कारण करायच्या तर बरोबर करायच्या. मुलाच्या गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप हवं होतं. नात तिथेच होती, तिलाच उभं केलं. म्हणाली, ही माझी खुर्ची आहे का? मी म्हटलं, तुझ्या मापाची आहे. माझी नाही पण माझ्या मापाची, असं गाणं करून ती दिवसभर म्हणत होती.

तुझा,
दादा


९ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मला तुझ्या बाईसाहेबांचं फार कुतूहल वाटतंय. द्यायचं नसलेला माणूस खर्चाबद्दल विचारतो, किती मुलं येतात ते विचारतो. खुर्ची बुटकी का, हे आजवर मला एकाही देणगीदाराने विचारलेलं नाही. त्या काय शोधतायत कळत नाही. नुसत्या चर्चेला विषय हवा असणारेही भेटतात, म्हणून एक जपून कर. मुलांबद्दल त्यांना काही सांगू नकोस. तुला ठाऊक नाहीच, पण रचूनही सांगू नकोस. खुर्चीबद्दल मात्र हवं ते सांग.

उत्तरं अशी. मुलाने जन्मभर मोठ्या माणसाकडे मान वर करूनच पाहिलेलं असतं. ज्याने त्रास दिला तोही उंचच असतो. म्हणून ऐकणारा खाली बसतो, मुलाने थोडं खाली बघून बोलावं म्हणून. ऐकणारा लिहीत नाही. लिहायला लागलं की मूल कागदाकडे बघतं आणि आपण काय बोललो त्याचा विचार करत बसतं.

आणि पहिलं काही विचारतच नाही. बसायचं, आणि म्हणायचं, "मला घाई नाही." मग खरोखर घाई करायची नाही. मधे 'अगं बाई' नाही, 'खरंच?' नाही, जवळ घेणंही नाही. ऐकायला सोपं वाटतं. मला शिकायला कितीतरी वर्षं लागली, आणि अजूनही एखाद्या दिवशी चुकते.

काकांचं ते वाक्य मी नेहमी ऐकते. तुझी मान मात्र मला दिसली.

तुझी,
बारकी


२१ एप्रिल

प्रिय बारके,

तुझी उत्तरं जशीच्या तशी सांगितली. बाईसाहेबांनी ती ऐकून घेतली. तुझा पत्ता मागितला, मी दिला. झालं. मी माझं केलं.

आज मात्र माझा अपमान झाला, तो ऐक. दोन्ही खुर्च्या तयार होत्या. मुलाची टणक, कडा गोल घासून घेतलेल्या, पाय चारही बाजूंना जरा बाहेर काढलेले, म्हणजे मूल कसंही वळलं तरी कलंडणार नाही. दुसरी बुटकी, बसायला रुंद, बघितली की हसू येईल अशी. सरस वाळायला काल व्हरांड्यात ठेवून गेलो. आज सकाळी जिना चढून वर येतो तर बाईसाहेब त्या बुटक्या खुर्चीत बसलेल्या. त्या वयात, गुडघे वर आलेले. समोर नात दुसऱ्या खुर्चीत. बाईसाहेबांचं वाक्य कानावर पडलं, "मला घाई नाही गं."

मी खाकरलो. त्यांनी मान न वळवता हात मागे करून मला जायची खूण केली, अंगणात आलेल्या कोंबडीला करतात तशी. मी पायरीवर थांबलो. पुन्हा तोच हात. हत्यारांची पेटी उचलून घरी आलो. आजी-नातीला खेळायचं तर खेळा, पण माझी वस्तू, माझा दिवस, माझा सरस नीट वाळलाय की नाही ते बघायचं राहिलं. तुझी वहिनी म्हणते जाऊ द्या. तिला काय जातंय म्हणायला.

उद्याही येऊ नका, असा निरोप आत्ता आला. कारण दिलेलं नाही.

तुझा,
दादा


१५ मे

प्रिय दादा,

इतके दिवस लिहिलं नाही, कामात होते. तुझी पत्रं आणि वहिनीचे फोन पोचले.

थोडक्यात लिहिते. तुझ्या बाईसाहेबांनी आम्हाला घर घेऊन द्यायची तयारी दाखवली. त्या स्वतः येऊन म्हणाल्या. आम्ही नाही म्हणालो. मी नाही म्हणाले.

कारण विचारू नकोस.

बारकी


१९ मे

बारके,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मार्चपासून माझ्यामागे लागलीस. माझी खुर्ची परत पाठवलीस, मी गिळलं. दोन नव्या करून घेतल्यास. घरमालक दारात उभा, बाई घर द्यायला निघाल्या, आणि तू नाही म्हणालीस? कारणही सांगत नाहीस? सख्ख्या भावाला? ताठा म्हणून मला आयुष्यभर बोलत आलीस, आता आरशात बघ जरा. त्या खोलीत येणाऱ्या मुलांनी पुढल्या वर्षी चौकीच्या बाकावर

२० मे

कालचं पत्र अर्धं राहिलं, कारण टेकडीवरून बोलावणं आलं. फाडणार होतो. तसंच ठेवून खाली लिहितो, म्हणजे मी काय काय बोलतो ते तुझ्याकडे राहील.

इतक्या दिवसांनी गेलो. व्हरांड्यात माझं सामान जसंच्या तसं होतं. माझ्या दोन्ही खुर्च्या मात्र आत, बाईसाहेबांच्या खोलीत, खिडकीपाशी. नात व्हरांड्यात बसून कोड्याचे तुकडे जुळवत होती. मला म्हणाली, आता ती माझीच खुर्ची आहे. मी म्हटलं, बरं.

मी कामाला लागलो. थोड्या वेळाने बाईसाहेब आल्या. उंच पाठीच्या खुर्चीकडे बोट केलं. ती मी सगळ्यात आधी भरली होती, हिरवी मखमल, पाठीवर बटणांच्या रांगा. या घरातलं माझं सगळ्यात चांगलं काम. म्हणाल्या, "मिस्त्री, ही घराबाहेर न्या. कोणाला देऊही नका."

मी विचारलं, काही चुकलंय का? म्हणाल्या, "तुमचं नाही."

मी खुर्ची उचलून खाली नेली. काका दिसले नाहीत. चित्रांचं टेबलही नव्हतं. स्वयंपाकीणबाई म्हणाली, ते आता येत नाहीत, आणि एवढंच बोलून आत गेली. नातीची आई आलीये, सुटकेस अजून दारातच आहे. मधले बरेच दिवस आजी, नात आणि आई सकाळी गाडीने कुठेतरी जात होत्या असं माळी सांगत होता. मी त्याला म्हटलं, जात असतील.

खाली अंगणात मी त्या खुर्चीचे बारीक खिळे एकेक करून उपटत बसलो. मखमल काढली, बटणं काढली. आणि मला तुझ्या त्या आजोबांची फळांची करंडी आठवली.

कोंबडीला करतात तसा तो हात आठवला. मी पायरीवरून खाकरलो तो आवाज आठवला. अजून एकदा खाकरलो असतो तर काय झालं असतं, हे मी कोणाला विचारणार नाही.

जे कळलं ते इथे लिहीत नाही. तूही लिहू नकोस. त्या दिवशी डोलावलेली मान अजून दुखतेय.

तुझा,
दादा


२८ मे

प्रिय दादा,

पत्र मिळालं. तू जे लिहिलं नाहीस तेही मिळालं. त्याबद्दल मी काही बोलणार नाही, उद्या नाही आणि आपण दोघं म्हातारे होऊन बाकावर बसलो तरी नाही. टाचणीइतकी गोष्टही उकलल्याशिवाय जेवायला न बसणाऱ्या तुझ्यासारख्या माणसाला हे किती अवघड आहे, ते मला कळतं. लहानपणी तू माझी बोलकी बाहुली फोडली होतीस, आतून आवाज कुठून येतो ते बघायला.

आमचं अजून काही जुळलेलं नाही. दोन जागा पाहिल्या. एका घरमालकाने कामाचं स्वरूप ऐकून दार लावून घेतलं. दुसऱ्याची खोली बरी आहे, पण दार पाठीमागे येतं. शोधतेय. काल एका मुलाने दार उघडून बाहेर जाऊन पाहिलं, परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला आणि मग बसला. आमच्या जुन्या मोडक्या खुर्चीत बसला. तुझ्या दोन्ही दुसऱ्या घरी राहिल्या ना.

दुसरी जोडी करशील? या वेळी परत पाठवणार नाही.

तुझी,
बारकी


१७ जून

प्रिय बारके,

जोडी तयार आहे. पण अजून महिनाभर तरी मी ती तुला देणार नाही. कारण सांगतो, माझ्याकडे सांगण्यासारखी कारणं असतात.

टेकडीवरचं काम संपलं. शेवटच्या दिवशी बाईसाहेब हिशेबाचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, तुमच्या बहिणीने माझं काही घेतलं नाही. मी म्हटलं, ती तशीच आहे. म्हणाल्या, बरोबर केलं. मग म्हणाल्या, पण माझ्या ओळखीच्या घरांतून खुर्च्या फाटल्यात की नाही हे बघायला मला कोणी मना केलेलं नाही. तुमची शिफारस करते. जाल तिथे ती बुटकी खुर्ची बरोबर न्या. मी विचारलं, नेऊन काय सांगू? म्हणाल्या, "काही सांगू नका. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच विचारलं."

तुझ्या नियमांत हे बसतं का ते मी तीन बाजूंनी तपासलं. त्या काही देत नाहीयेत. एका मिस्त्रीचं नाव चार घरी सांगतायत. तरी तू तुझ्या वकिलाला विचार आणि मला कळव. चुकत असेल तर उद्याच पेटी आवरतो.

सध्या एका जहाजवाल्याच्या घरी आहे. प्रचंड माणूस, आवाजही प्रचंड, घरात सगळ्यांना घाई. दिवाणखान्याचे कोच भरतोय. पहिल्या दिवशी दोन्ही खुर्च्या दिवाणखान्याच्या मधोमध ठेवल्या आणि कामाला लागलो. मालकीणबाई त्यांना वळसा घालून गेल्या. नोकराने एकदा त्यावर ओला टॉवेल वाळत घातला, तो मी काढला. तीन दिवस कोणी काही विचारलं नाही. मीही मान वर केली नाही. मला एवढं गप्प बसता येतं हे तुझ्या वहिनीला सांगितलं तर तिने मला ताप आहे का पाहिलं.

आज सकाळी जहाजवाले बाहेर निघाले होते. बुटाची नाडी सुटली. जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून त्या बुटक्या खुर्चीत बसले, आणि त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. नाडी बांधून झाली तरी ते उठले नाहीत. समोरच्या रिकाम्या टणक खुर्चीकडे पाहत बसले. गडी दोनदा येऊन गाडी लागलीये म्हणून सांगून गेला.

मग म्हणाले, "मिस्त्री, ही एवढी बुटकी कशासाठी हो?"

मी दाभण खाली ठेवलं.

तुझा,
दादा